मूठ आणि खजिना

खेड्यातील गरिबाच्या मुलाची शाळा कोणी चालवावी, राज्याच्या खजिन्याने की गावाच्या औदार्याने, या प्रश्नाचा विचार करण्यास कोल्हापूर जिल्ह्याइतकी योग्य भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. कारण ज्या राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला तो शाहू छत्रपती इथला, आणि ज्या निर्धन कार्यकर्त्याने घरोघरच्या मूठभर धान्यावर बहुजनांच्या मुलांची वसतिगृहे उभी केली तो कर्मवीर भाऊराव पाटीलही याच जिल्ह्यातील कुंभोजचा. एकाच्या हाती दरबारचा शिक्का होता, दुसऱ्याच्या हाती रिकामी झोळी; ध्येय मात्र दोघांचे एकच होते. आज या दोन वारशांकडे पाहताना कोणी एकाची कास धरतो, कोणी दुसऱ्याची, आणि मधल्या मध्ये शाळेचे गळके छप्पर तसेच राहते.

माझ्या परिचयातील दोन वृद्ध गृहस्थ या दोन मार्गांचे निष्ठावंत पुरस्कर्ते आहेत. एकाची सारी हयात महसूल खात्यात गेली. मामलेदार म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सारे जण रावसाहेब म्हणतात. दुसरे शाहूवाडी तालुक्याच्या डोंगराळ भागात वर्षानुवर्षे मास्तरकी केलेले गुरुजी. एका वाडीच्या शाळेच्या छपरासाठी वर्गणीची यादी घेऊन गुरुजी रावसाहेबांकडे आले, आणि यादीवर रक्कम घालण्यापूर्वी रावसाहेबांनी जी हरकत घेतली, तिच्यातून पुढील संवाद निघाला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

रावसाहेब : गुरुजी, पैशाचा प्रश्न नाही, रक्कम मी घालीन. परंतु मला आधी एवढे सांगा, की ही शाळा जिल्हा परिषदेची, इमारत सरकारी, मास्तर सरकारी, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला मोफत शिक्षण मिळणे हा २०१० सालच्या एप्रिलपासून कायद्याने दिलेला हक्क. मग छपरासाठी तुम्ही दारोदार का हिंडावे? तुम्ही यादी घेऊन बाहेर पडलात, की ज्याच्या दप्तरी ही जबाबदारी आहे तो अंमलदार मोकळा होतो. मुलाचा जो हक्क होता तो तुमच्या सद्‌भावनेमुळे लोकांचा उपकार ठरतो. हे मला पटत नाही.

गुरुजी : रावसाहेब, आपल्या म्हणण्यातला न्याय मी नाकारीत नाही. पण शाहूवाडीचा पाऊस आपण फिरतीवर असताना पाहिलेला आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव तालुक्याहून जिल्ह्याला जायचा, तिथे अंदाजपत्रक व्हायचे, तजवीज मंजूर व्हायची, तोवर मृग येऊन जातो, आर्द्राही येऊन जाते, आणि पहिलीची पोरे कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभी राहतात. हक्क आहे खरा. परंतु त्या वर्षी सात वर्षांचे असलेले मूल मंजुरी येईपर्यंत सात वर्षांचेच राहत नाही. गावाला ते ओले पोर दिसते, म्हणून गाव उठते.

रावसाहेब : गाव उठते हे ठीक, पण कोणासाठी उठते, हेही पाहिले पाहिजे. महाराजांनी शिक्षण सक्तीचे केले ते कशासाठी? ज्यांचे प्राथमिक शिक्षण आपल्या कागलात झाले त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळापुढे मांडले, आणि साम्राज्याचा खजिना हाती असलेल्या सरकारने ते पुढच्या वर्षी फेटाळून लावले. तेच कार्य कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेल्या राजाने एका लहानशा संस्थानात करून दाखवले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि १९१८ साली करवीर पेट्यातील चिखली येथे या योजनेची पहिली शाळा सुरू झाली. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाला केवढा धाक! दानशूर माणसे तेव्हाही संस्थानात होती. पण दान निवड करते, गुरुजी. ते आपल्या भावकीकडे आधी जाते, आपल्या जातीकडे नंतर, आणि गावकुसाबाहेर पोहोचेपर्यंत बहुधा संपते. हुकमाला भावकी नसते.

गुरुजी : आणि तरीही त्याच महाराजांनी केवळ हुकमावर विसंबून काम केले नाही, हे आपण विसरता. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. अशी एकामागून एक वसतिगृहे या शहरात उभी राहिली. दरबारने जागा दिल्या, वार्षिक नेमणुका दिल्या. पण कारभार त्या त्या समाजातील माणसांच्या हाती सोपवला आणि त्यांच्याकडून वर्गणीही उभी करवली. महाराजांना एकट्याने सारे देता आले असते. परंतु ज्या समाजाने आपल्या पोरांसाठी कधी काही मागितले नव्हते, त्याला आधी काही द्यायला शिकवावे, म्हणजे तो पुढे मागायलाही शिकेल, असा त्यांचा हेतू मला त्यात दिसतो.

रावसाहेब : पण त्याच वसतिगृहांच्या इतिहासात माझ्या शंकेचाही पुरावा आहे. भाऊराव इथल्या जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचे त्यांनी नाकारले, तेव्हा त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत समाजाचे पूर्वग्रहही राहायला येतात, ते असे.

गुरुजी : खरे आहे. पण त्या प्रसंगाने दुखावलेला तो मुलगा पुढे काय करतो, ते पाहा. लोकांच्या वर्गणीचा मार्ग त्याने टाकून दिला नाही. तो शुद्ध केला. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह निघाले त्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली निजू लागली, एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली महात्माजींच्या हस्ते त्याला नाव दिले गेले ते शाहू छत्रपतींचे. आणि हे चालले कशावर? मुष्टिफंडावर. घरची बाई दळण करण्यापूर्वी मूठभर धान्य एका मडक्यात बाजूला टाकी, आणि बोर्डिंगची मुले ठरल्या दिवशी येऊन ते गोळा करून नेत. जेव्हा तेही पुरेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही त्या मुलांच्या अन्नासाठी विकले. रावसाहेब, ज्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हते, तिच्या मुठीतल्या जोंधळ्याने मुलांचे शिक्षण झाले. आणि म्हणून त्या बोर्डिंगला ती ‘आमचं बोर्डिंग’ म्हणू शकली. हे ममत्व कोणत्या अंदाजपत्रकात मंजूर होते?

रावसाहेब : लक्ष्मीबाईंचे नाव निघाले की मस्तक नमते. तथापि तोच माझा आक्षेप आहे. जी व्यवस्था चालण्यासाठी एका साध्वीला मंगळसूत्र विकावे लागते ती वंदनीय खरी. पण तिला व्यवस्था म्हणता येणार नाही. प्रत्येक गावाला भाऊराव कोठून आणायचे? ज्या गावाला तो लाभणार नाही त्या गावच्या पोराने काय करावे? शिवाय मुठीचा स्वभावच असा, की सुकाळी ती भरते आणि दुष्काळी रिती होते; म्हणजे मुलाला जेव्हा आधाराची सर्वांत अधिक गरज, नेमका तेव्हाच तो सुटतो. आणि मुठीला जमिनीचा कसही लागतो. शिरोळ-हातकणंगल्याच्या बागायती पट्ट्यात उसाचे बिल येते, दूध संस्थेचा लाभांश येतो, गावकरी शाळेला संगणक देतात, रंग देतात, कमान बांधून देतात. गगनबावड्याच्या धनगरवाड्याने काय द्यावे? तुमच्या औदार्याच्या मार्गाने संपन्न गावाची शाळा अधिक संपन्न होईल आणि दरिद्री वाडीची दरिद्रीच राहील. ही विषमता मिटवण्याचे सामर्थ्य एकट्या खजिन्यात आहे. कारण शिरोळचा वसूल गगनबावड्याला नेऊन घालणे त्याला जमते.

गुरुजी : हे मात्र मी मान्य करतो, आणि मनापासून मान्य करतो. शिक्षकाचा पगार, इमारत, पुस्तके, दुपारचे अन्न या गोष्टी मुठीवर ठेवू नयेत. त्या खजिन्यावरच पाहिजेत.

रावसाहेब : मग आणखी एक ऐका. दिवाळी सरली की बीडकडून, मराठवाड्याकडून ऊसतोड करणाऱ्यांच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात. पालावर आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळीत बसलेली असते. ती कोणत्या गावची? ज्या गावाच्या शिवारात तिचे पाल आहे ते गाव तिला आपली म्हणत नाही. ‘शैक्षणिक उठाव’ म्हणून गावात जी वर्गणी होते, तिच्यातला एक पैसा तरी तिच्या वाट्याला येतो का?

गुरुजी : क्वचित येतो, आणि ही आमच्या औदार्याची लाज आहे. पण रावसाहेब, तिच्यापुरता आपला कायदाही आंधळाच आहे. तिचे नाव तिच्या गावच्या शाळेच्या पटावर असते, आणि ती स्वतः इथे उसाच्या फडात. हजेरीच्या कागदावर ती शिकते आहे! कायद्याला पटावरचे नाव दिसते. पटाबाहेरचे मूल दिसायला माणसाला पालापर्यंत चालत जावे लागते. आपल्याच कोल्हापुरात वीटभट्टीवरच्या मुलांसाठी ‘अवनि’सारख्या संस्थेने काम उभे केले, ते अशाच चालत गेलेल्या माणसांमुळे. मूल शोधून काढण्याचे हे काम हुकमाने होत नाही. शोधल्यावर त्याचा भार खजिन्याने उचलावा, हे मात्र झालेच पाहिजे.

रावसाहेब : येथवर आपण जवळ आलो. आता माझी सर्वांत बोचणारी गोष्ट सांगतो. दाता शाळेत आला की त्याच्यासोबत त्याचा संगमरवरी फलकही येतो. मग समारंभ होतो, व्यासपीठ सजते, गरीब मुलांची नावे पुकारली जातात, एकेक मूल पुढे येऊन वह्यांचा गठ्ठा घेते आणि छायाचित्र निघते. चार हजार डोळ्यांपुढे ‘तू गरीब आहेस’ असे ज्याला सांगितले गेले, त्या मुलाने त्या वह्यांत काय लिहावे? उद्या तोच दाता आपल्या भाच्याला शाळेत चिकटवा म्हणून तुमच्यापुढे उभा राहिला, तर त्याला नकार देण्याचे बळ तुमच्यात उरते का?

गुरुजी : हा दोष मी पाहिला आहे, आणि त्यावर आमच्या शाळेत काही नेम घालून दिले होते. आलेल्या वह्या सामाईक कपाटात ठेवायच्या आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला द्यायच्या; गरिबांची वेगळी रांग करायची नाही. दात्याचे नाव भिंतीवर लागणार नाही. ते वहीत नोंदले जाईल, आणि ती वही सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत खर्चाच्या बाजूसकट सर्वांसमक्ष वाचली जाईल. नेमणुकीच्या बाबतीत देणगीदाराचा शब्द ऐकला जाणार नाही, हे देणगी घेण्यापूर्वीच सांगायचे. एके वर्षी दूध संस्थेने मोठी रक्कम दिली. त्याच आठवड्यात एक भूमिहीन विधवा आली आणि म्हणाली, “गुर्जी, माझ्याजवळ पैका न्हाई, पर साळंची जमीन सारवून देते. माझी नातबी हितंच बसती न्हवं?” तिच्या एका दिवसाच्या श्रमाची नोंद आम्ही दूध संस्थेच्या रकमेच्या खालच्याच ओळीत केली. ग्रामसभेत ती ओळ वाचली गेली तेव्हा त्या बाईने मान वर करून सभेकडे पाहिले. भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणून मुलांच्या हाती कुदळ दिली ती याचसाठी. आपण कोणाचे आश्रित आहोत असे त्यांच्या कोणाही विद्यार्थ्याला वाटू नये म्हणून.

रावसाहेब : कीर्द लिहिली जात होती, ती सभेत वाचली जात होती, हे ऐकून मला फार समाधान वाटले. हिशेबाशिवाय दान म्हणजे देणाऱ्याचा मोठेपणा आणि घेणाऱ्याची शंका. पण एक मोठे भय अजून शिल्लक आहे. राज्य अंग काढून घेते आहे, गुरुजी. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून तिथली मुले शेजारच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ साली शाळा दत्तक देण्याची योजना निघाली. लोक आणि कंपन्या पैसे देतात असे एकदा दिसले, की खजिन्याच्या चाव्या कमरेला खोचून कारभारी स्वस्थ बसतील. तुमची मूठच मुलाच्या हक्काच्या आड येईल.

गुरुजी : या भयावर उत्तर तर्काने देता येणार नाही, इतिहासाने मात्र देता येते. ज्या खेड्यांत कोणतीच शाळा नव्हती अशा खेड्यांत रयत शिक्षण संस्थेने गावकऱ्यांच्या आधारावर व्हॉलंटरी शाळा काढल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. आणि पुढे राज्य प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी घेण्यास सिद्ध झाले, तेव्हा त्या साऱ्या शाळा सरकारच्या स्वाधीन करण्यात आल्या. पाचशेंहून अधिक शाळांवरचा आपला ताबा ज्याने असा सोडून दिला, त्याची मूठ खजिन्याच्या आड आली असे कोण म्हणेल? तिने तर खजिन्याला त्याचे काम गावोगाव नेऊन दाखवले. आणि १९४८ साली संस्थेचे सरकारी अनुदान थांबवण्यात आले, तेव्हा लोकांच्या देणग्यांनीच तिला तारले. म्हणजे राज्य झोपले असता त्याला जागे करायचे, आणि ते रुष्ट झाले असता मुलांना सांभाळायचे, ही दोन्ही कामे त्याच मुठीने केली.

रावसाहेब : मला आपल्याच जिल्ह्यातला दुसरा एक दाखला आठवतो. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. त्यांनी १९५२ साली गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले ते खेड्यातल्या माणसांना हाताशी धरून. आणि हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, तेव्हा त्या आयोगाच्या १९६६ सालच्या अहवालाने काय सांगितले? शेजारच्या सर्व मुलांची एकच शाळा असावी, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत. लोकशक्तीवर एवढी श्रद्धा असलेल्या माणसाने ती श्रद्धा खजिन्याची सुटका करण्यासाठी वापरली नाही. ते सहा टक्के अद्याप गाठले गेलेले नाहीत.

गुरुजी : मग यादीचे काय करायचे, रावसाहेब?

रावसाहेब : यादी द्या इकडे, मी रक्कम घालतो. पण तिच्यासोबत एक अर्ज जोडायचा. छप्पर या पावसाळ्यापुरते गावाने दुरुस्त केले आहे, खर्चाचा तपशील सोबत आहे, कायम दुरुस्तीची तरतूद जिल्हा परिषदेने चालू अंदाजपत्रकात करावी; असा ग्रामसभेचा ठराव, आणि खाली शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्या. कायद्याने त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. तेव्हा त्या सारवणाऱ्या आजीसारख्या घरांतल्या बायकांचे अंगठे आणि सह्या त्यावर पाहिजेत. मसुदा मी लिहून देतो. जन्मभर अर्ज निकालात काढले. ते कशाने अडतात आणि कशाने हलतात, एवढे मला निश्चित ठाऊक आहे.

गुरुजी : आणि दरमहा त्या अर्जाची चौकशी करायला तालुक्याला मी जाईन. तेवढी पायपीट अजून झेपते.

येथे संवाद संपला. दोघांपैकी कोणी हरले असे मला वाटत नाही. परंतु दोघांच्या बोलण्यातून जो निर्णय निघतो तो माझ्या मते स्पष्ट आहे. मुलाचा शाळेतील प्रवेश, त्याचा शिक्षक, त्याचे छप्पर आणि त्याचे पुस्तक या गोष्टी कोणाच्याही दयेवर कधीही अवलंबून राहू नयेत. त्या राज्याचे देणे आहेत, आणि शाहू छत्रपतींनी शंभर वर्षांपूर्वी ते देणे मान्य केले आहे. गावाच्या औदार्याचे खरे क्षेत्र त्या देण्याच्या पलीकडे आहे. कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. त्यानंतर वाडीवरची मुलगी हायस्कूलच्या गावी राहून शिकणार असेल तर तिला वसतिगृह लागते. पटाबाहेरचे मूल शोधावे लागते. ग्रंथालय, क्रीडांगण, संध्याकाळच्या अभ्यासाला दिवा आणि जवळ बसणारे एखादे शिकलेले माणूस लागते. येथे मूठ उघडली तर ती वाया जाणार नाही. आणि जेथे राज्याने आपले काम टाकले आहे तेथे गावाने ते तात्पुरते जरूर उचलावे. मात्र उचलतानाच ते कोणाचे काम आहे हे लेखी नोंदवून ठेवावे, आणि ते परत करण्याचा दिवस येईपर्यंत मागणी सोडू नये.

वाचकांपैकी अनेक जण आपल्या मूळ गावच्या शाळेला काही ना काही देत असतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की देणगी देताना आपल्या नावाच्या फलकाची अट घालू नका, हिशेबाची अट अवश्य घाला. गावी जाल तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाऊन बसा. आणि वर्गणीच्या यादीवर जी सही कराल, तीच सही शाळेच्या हक्काच्या अर्जावरही करा.